कपाटाची पाठ

गेल्या आठवड्यात मी एका कपाटाची पाठ पुसून टाकली. कपाट लाकडी होते, चार फळ्यांचे, एका दाराचे बिजागर निखळलेले, आणि त्यावर मी जवळपास नऊ दिवस काम केले होते. परंतु गेममधल्या त्या खोलीत ते भिंतीला टेकूनच उभे राहणार हे पक्के झाल्यावर त्याची मागची बाजू ठेवण्यात काही अर्थ उरला नाही. जी बाजू कोणालाही कधीच दिसणार नाही, तिचा भार संगणकाने का वाहावा? मी त्या बाजूचे पृष्ठभाग निवडले, डिलीट केले, आणि पुढून भरभक्कम, मागून पोकळ असे ते कपाट इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पाठवून दिले. हे काम मी एवढ्या वर्षांत शेकडो वेळा केले आहे. तरीही दर वेळी हात क्षणभर अडखळतो, कारण चित्रकला शिकताना माझ्या मनावर असे बिंबवले गेले होते की न दिसणारी बाजू ठाऊक असल्याशिवाय दिसणारी बाजू खरी उतरत नाही.

तसे पाहिले तर या दोन गोष्टींत विरोध नाही. मागच्या पट्ट्या कुठे ठोकलेल्या आहेत हे ठाऊक असल्यामुळेच पुढच्या फळ्या ओझ्याने कुठे वाकतील आणि दार कोणत्या बाजूला लोंबेल हे मला ठरवता आले. म्हणजे पाठ आधी मनात घडवायची, मग संगणकात घडवायची आणि शेवटी तीच पुसायची. व्हिडिओ गेमच्या व्यवसायात चित्रकार म्हणून काम करणे म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले की मला हे कपाट सांगावेसे वाटते. पण विचारणाऱ्याला बहुधा एवढेच जाणून घ्यायचे असते की आम्ही दिवसभर गेम खेळत बसतो का. बसत नाही. स्वतः बनवत असलेला गेम मात्र इतक्या वेळा, इतक्या अर्धवट आणि मोडक्या अवस्थेत पाहावा लागतो, की तो बाजारात येईपर्यंत त्याच्याकडे खेळ म्हणून पाहणारी नजरच उरलेली नसते.

बाहेरून ‘गेम आर्टिस्ट’ हा एकच माणूस वाटतो, परंतु मोठ्या टीममध्ये त्याचे अनेक तुकडे झालेले असतात. जे अजून अस्तित्वातच नाही त्याची पहिली चित्रे कॉन्सेप्ट आर्टिस्ट काढतो. पात्रे घडवणारे वेगळे, त्यांना चालवणारे अ‍ॅनिमेटर वेगळे, प्रकाश लावणारे, धूर आणि ठिणग्या करणारे, पडद्यावरची बटणे आणि नकाशे रेखाटणारे वेगळे. चित्रकार आणि प्रोग्रामर यांची भाषा एकमेकांना समजावून सांगणारा टेक्निकल आर्टिस्ट नावाचा एक दुर्मीळ प्राणीही असतो, आणि तो रजेवर गेला की सगळ्यांनाच त्याची किंमत कळते. मी एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट आहे. सजीव पात्रे वगळता पडद्यावर जे काही दिसते, भिंती, दगड, झाडे, पिंपे, पायऱ्या, चिखल, ते आमच्या वाट्याचे.

मी या व्यवसायात आले तेव्हा माझ्याजवळ चौकटीचे शिक्षण होते. कागदावर किंवा कॅनव्हासवर काम करणाऱ्याला चार कडा मिळतात आणि त्या कडांच्या आत काय घ्यायचे, काय बाहेर ठेवायचे, पाहणाऱ्याची नजर कुठून शिरेल आणि कुठे विसावेल, हे सारे त्याच्या हाती असते. माझ्या पहिल्याच गेममध्ये मला एक उद्ध्वस्त अंगण मिळाले. एका कमानीतून आत शिरताना दिसणारे दृश्य मी एखाद्या निसर्गचित्राप्रमाणे बांधले: डावीकडे विहिरीचा काळोखा भार, उजवीकडे मोडकी भिंत, मध्ये तिरप्या उन्हाचा एक पट्टा आणि त्याच्या टोकाला एकच वठलेले झाड. तीन आठवडे लागले. पहिल्या प्लेटेस्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या माणसाला गेम खेळायला देऊन पाहतात तेव्हा, मी खेळणाऱ्याच्या मागे उभी होते. तो त्या कमानीतून आला, पण पाठमोरा आला, कारण त्याच्यामागे शत्रू लागले होते आणि तो मागे सरकत सरकत गोळ्या झाडत होता. त्याने संपूर्ण वेळ माझ्या कमानीची आतली बाजू पाहिली, जिच्यावर मी घाईघाईत एकच दगड फिरवून फिरवून चिकटवला होता. त्यानंतर तो विहिरीच्या कठड्यावर चढला, कारण तिथून नेम चांगला लागत होता. झाड त्याने पाहिलेच नाही.

त्या दिवशी मला वाईट वाटले हे खरे. पण आमच्या कामाचे मूळ तिथेच आहे हे समजायला आणखी एक-दोन वर्षे जावी लागली. इथे चौकट पाहणाऱ्याच्या हाती असते. तो कुठेही वळेल, जमिनीकडे पाहत चालेल, एखाद्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहील आणि त्या प्रत्येक क्षणी त्याच्यासमोर एक चित्र तयार होईल, ज्याची रचना आम्ही केलेली नाही, फक्त त्यातल्या वस्तू आमच्या आहेत. अशा वेळी चित्रकाराने करायचे काय? हुकूम सोडता येत नाही, तेव्हा मन वळवायचे. वाट अंधारी असेल तर पुढच्या दाराशी एक दिवा लावायचा. दूरचा मनोरा असा उभा करायचा, की डोके वर केले की तो दिसावाच. जिथे जायला नको तिथले रंग थोडे मंद ठेवायचे. २००७ साली आलेल्या ‘टीम फोर्ट्रेस २’ या गेमच्या टीमने आपल्या चित्रशैलीवर एक निबंध प्रसिद्ध केला होता आणि तो मी नव्या सहकाऱ्यांना अजूनही वाचायला देते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाहिराती आणि मासिकांची मुखपृष्ठे रंगवणाऱ्या लायनडेकरसारख्या चित्रकारांकडून त्यांनी आकृतीची बाह्यरेषा कशी बोलते हे शिकून घेतले. गेममधली नऊ पात्रे अशी घडवली, की नुसत्या काळ्या सावलीवरून कोण येत आहे ते कळावे, रंगावरून तो आपला की परका हे कळावे आणि छातीच्या आसपास उजेड-अंधाराचा फरक वाढवून हातातल्या शस्त्राकडे नजर वळावी. तिथे सौंदर्याचा प्रत्येक निर्णय हा खेळणाऱ्याला अर्ध्या सेकंदात काय समजले पाहिजे याचाही निर्णय आहे.

हे जमले नाही की मग पिवळा रंग येतो. ज्या कड्याला धरून वर चढायचे आहे त्या कड्यावर पिवळ्या रंगाचे फराटे ओढलेले असण्याची रीत अलीकडच्या अनेक गेममध्ये दिसते आणि त्यावर खेळणाऱ्यांमध्ये मोठमोठे वाद झाले आहेत. निर्जन गुहेत हा रंग मारायला कोण आले होते, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मीही असे फराटे ओढले आहेत. प्लेटेस्टमध्ये पाचव्या माणसानेही तीच शिडी न पाहता दहा मिनिटे भिंतीवर डोके आपटले आणि गेम पूर्ण करायला सहाच आठवडे उरले, की तत्त्वे बाजूला ठेवून रंगाचा डबा उघडावा लागतो.

चौकट हातची गेली, तसे दुसरे एक बंधन येते, ते वेळेचे. इथे मी डेडलाइनविषयी बोलत नाही. गेम सेकंदाला ६० चित्रे या वेगाने चालायचा असेल, तर एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रांचा वेग चालणार असेल तर ३३.३. या अवधीत संगणकाला शत्रूंच्या हालचाली ठरवायच्या असतात, वस्तूंची पडझड आणि टक्कर मोजायची असते, आवाज वाजवायचे असतात आणि उरल्या वेळात माझे अंगण रंगवायचे असते. तेलरंगात काम करणाऱ्या एखाद्या चित्रकाराला मी सांगितले, की माझ्या एका झाडाच्या सावलीला अर्धा मिलिसेकंद जास्त लागतो म्हणून ते झाड काढून टाकावे लागले, तर तो माझ्याकडे दयेने पाहील. पण मला या काटकसरीचा राग येत नाही. उलट आमच्या कलेचे सगळ्यात सुंदर शोध याच टंचाईतून लागलेले आहेत.

१९८१ साली ‘डाँकी काँग’मध्ये मारिओ पहिल्यांदा आला तेव्हा शिगेरू मियामोतो यांच्याजवळ एका माणसासाठी १६ बाय १६ पिक्सेलांची जागा होती. एवढ्याशा जागेत तोंड दिसेना म्हणून मोठे नाक आणि त्याखाली मिशी. केस उडताना दाखवणे अवघड म्हणून टोपी. धावताना हात शरीरापासून वेगळे दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाची डांगरी. जगातल्या बहुतेक मुलांना ओळखता येणारा हा चेहरा अडचणीला दिलेल्या उत्तरांची एक यादी आहे. पुढे १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पूर्ण कार्ट्रिज ४० किलोबाइटची होती आणि त्यातले अवघे ८ किलोबाइट चित्रांसाठी होते, म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच ठेवला गेला, फक्त रंग बदलला. मी लहानपणी तो गेम असंख्य वेळा खेळले आणि मला ते कधीही दिसले नाही. या व्यवसायात आल्यावर कोणीतरी दाखवले आणि तेव्हापासून ते न दिसणे अशक्य झाले आहे. आज माझ्या एका कपाटाच्या रंगाचा ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलांचा टेक्श्चर, म्हणजे वस्तूवर पांघरायचे चित्र, फाइल न आकसता (कॉम्प्रेस न करता) ठेवला, तर तो एकटाच ६४ मेगाबाइट खातो.

‘स्पेस इन्व्हेडर्स’ची गोष्ट मला याहूनही आवडते. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी तो गेम बनवला तेव्हा पडद्यावरचे सगळे परग्रहवासी एकदम हलवणे त्या प्रोसेसरला जड जात होते, म्हणून ते हळूहळू सरकत. खेळणारा जसजसे त्यांना टिपत जाई तसतसे रेखाटण्याचे ओझे कमी होऊन उरलेले अधिकाधिक वेगाने धावत. निशिकादोंनी हा दोष दुरुस्त केला नाही, तसाच राहू दिला, आणि त्या वाढत्या वेगाने खेळणाऱ्याच्या छातीत जी धडधड निर्माण होते तीच त्या गेमची ओळख झाली. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’मधले धुके असेच: प्लेस्टेशनला दूरवरचे शहर रेखाटणे झेपत नव्हते, म्हणून काही पावलांपलीकडचे सारे धुक्यात बुडवले, आणि त्या धुक्यातच भीती राहायला आली.

माझे कपाट या थोर परंपरेत बसत नाही, पण ते घडते कसे ते सांगते. आधी लेव्हल डिझायनरने, म्हणजे गेममधल्या जागांची मांडणी ठरवणाऱ्याने, त्या खोलीत एक करडा ठोकळा ठेवलेला असतो. त्याची उंची-रुंदी माझ्या हातात नसते, कारण त्याच्याआड खेळणाऱ्याला लपता आले पाहिजे. मग मी खऱ्या कपाटांची छायाचित्रे जमवते, शक्यतो स्वतः काढलेली. त्यानंतर लक्षावधी पॉलिगॉनचे, म्हणजे छोट्या सपाट तुकड्यांचे, एक अतितपशिलाचे कपाट घडवायचे, ज्यात लाकडाचा प्रत्येक रेषातंतू, प्रत्येक खोबण असते. आणि मग त्याच्यावर बेतलेले, दोन-तीन हजार पॉलिगॉनचे साधे कपाट करायचे, जे प्रत्यक्ष गेममध्ये जाईल. शिंप्याने शिवलेला सदरा उसवून त्याचे तुकडे टेबलावर सपाट पसरावेत, तसे या साध्या कपाटाचे पृष्ठभाग उलगडून एका चौरसात मांडावे लागतात. त्याला आम्ही अनरॅप करणे म्हणतो, आणि हे काम मनापासून आवडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मग जड कपाटावरचे सारे उंचसखलपण एका जांभळट-निळ्या चित्रात उतरवायचे. नॉर्मल मॅप नावाचे हे चित्र साध्या कपाटावर पांघरले, की प्रकाश त्या सपाट फळीवर असा पडतो जणू तिथे खरोखरच खोबणी आहेत. हात फिरवता आला असता तर फसवणूक लगेच उघडी पडली असती, पण सुदैवाने गेममध्ये हाताला काही लागत नाही.

यानंतर जे उरते ते माझे आवडते काम: झीज. नवे कपाट कोणालाही करता येते. पण हे कपाट कोणाचे होते, त्याने ते डाव्या हाताने उघडले की उजव्या, खालच्या फळीवर जड वस्तू किती वर्षे पडून होती, छतातून पाणी गळायचे तेव्हा ते कोणत्या कोपऱ्यातून उतरायचे, हे मला स्वतःशी ठरवावे लागते, कारण त्याशिवाय डाग कुठे टाकायचा ते कळत नाही. धूळ आडव्या पृष्ठभागांवर साचते, उभ्यांवर नाही. मुठीभोवतीचे लाकूड मळते आणि त्याच वेळी गुळगुळीतही होते. हल्लीची सॉफ्टवेअर एका क्लिकवर सगळ्या कडा एकसारख्या खरवडून देतात, आणि दुकानातून आणल्यावर कोणीतरी कानस घेऊन चारही बाजूंनी इमानेइतबारे घासली असावीत अशा वस्तूंनी कितीतरी गेम भरलेले आहेत. हे दिसले की माझ्यातला वैतागलेला मास्तर जागा होतो. माझ्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या फळीच्या आत, दार पूर्ण उघडल्यावरच दिसेल अशा जागी, एका मुलाची उंची मोजलेल्या चार रेघा आहेत. चौथ्या रेघेनंतर पाचवी नाही. ते दार खेळणाऱ्याला उघडता येईल की नाही हे अजून ठरलेले नाही.

हुबेहूबपणाच्या मागे धावण्यात एक धोका असतो, तो म्हणजे आजचे हुबेहूब पाच वर्षांनी जुने दिसते. २००० साली निन्टेन्डोने ‘झेल्डा’ मालिकेतल्या नायकाचे एक वास्तवदर्शी दृश्य दाखवले होते; पुढच्याच वर्षी तोच नायक मोठ्या डोळ्यांचा, सपाट रंगांचा, व्यंगचित्रासारखा होऊन समोर आला तेव्हा चाहते संतापले. ‘द विंड वेकर’ नावाचा तो गेम आज पाहावा आणि त्याच काळातले वास्तवाचा दावा करणारे गेम पाहावेत. कोण टिकले हे सांगायला जाणकार लागत नाही. मी स्वतः वास्तवदर्शी कपाटेच बनवत आले आहे, त्यामुळे हे मत माझ्याच पोटावर पाय देणारे आहे, तरी ते माझे आहे.

आणि टिकण्याचा विषय निघाला आहे तर श्रेयाचेही बोलले पाहिजे. सुरुवातीच्या काळात अटारी कंपनी गेम बनवणाऱ्यांची नावे प्रसिद्ध करत नसे. तेव्हा वॉरन रॉबिनेट यांनी १९८० च्या ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये एक गुप्त खोली ठेवली, जिच्यात शिरायला एका पिक्सेलाएवढा करडा ठिपका शोधून उचलावा लागे, आणि त्या खोलीत स्वतःचे नाव लिहून ठेवले. गेम विकला जाऊन एका खेळणाऱ्याचे पत्र येईपर्यंत कंपनीला त्याचा पत्ता नव्हता. आज नामावळी लांबलचक असतात, तरीही त्यांतून माणसे गळतात. मी एका स्टुडिओत दोन वर्षे काम केले आणि गेम पूर्ण होण्याच्या चार महिने आधी ती नोकरी सोडली. प्रदर्शनाच्या दिवशी नामावळी शेवटपर्यंत पाहिली, माझे नाव नव्हते. शेवटी हजर असलेल्यांचीच नावे घ्यायची असा तिथला नियम होता म्हणे. त्याच गेममधला एक पूर्ण लेव्हल, माझ्या सात महिन्यांचा, वेळेअभावी त्यांनी आधीच कापला होता. तो आता कुठल्यातरी सर्व्हरवर असेल किंवा नसेलही, आणि करार असा आहे की त्याचे एक चित्रसुद्धा मी माझ्या पोर्टफोलिओत लावू शकत नाही.

शेवटच्या महिन्यांतला जागरणांचा हंगाम, ज्याला सगळीकडे क्रंच म्हणतात, मी तीनदा पाहिला आहे. त्याविषयी शौर्यकथा सांगणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. त्या जागरणांत केलेले माझे काम नंतर पाहिले की त्यातल्या सावल्या चुकलेल्या दिसतात. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या स्टुडिओंनी हजारो लोकांना घरी पाठवले, आणि त्यात तीन-तीन जागरणहंगाम काढलेले लोकही होते.

२०२२ मध्ये शब्दांवरून चित्र काढणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात आर्टस्टेशन या चित्रकारांच्या संकेतस्थळावर चित्रकारांनी एकाच निषेधफलकाने पाने भरून टाकली. आपल्याच चित्रांवर, न विचारता, ही यंत्रे शिकवली गेली हा त्यांचा राग माझाही आहे. माझ्या कामापुरते म्हणायचे तर यंत्राने काढलेले कपाट मी पाहिले आहे. ते देखणे होते. त्याच्या दाराला दोन्ही बाजूंना बिजागरे होती. उद्या ही चूक सुधारेल, कदाचित सुधारलीही असेल. पण कपाट उघडणारा माणूस डावखुरा होता की नाही हे त्याला कोणी विचारलेच नव्हते आणि त्याला ते विचारावेसे वाटलेही नव्हते.

परवा संध्याकाळी नवी बिल्ड, म्हणजे गेमची ताजी चालती आवृत्ती, आली. माझे कपाट खोलीत नीट बसले आहे का ते पाहायला मी गेममध्ये शिरले. कपाट जागेवर होते, भिंतीला टेकलेले. त्याच्यासमोर दोन पावले सरकले आणि जमिनीतून खाली पडले. जमिनीचा टक्कर मोजणारा भाग कोणीतरी चुकून काढला असावा. आमच्याकडे हे नित्याचे आहे. पडता पडता मी कॅमेरा वर वळवला. खालून पाहिले की आमचे जग फार वेगळे दिसते: जमीन नाहीशी होते, कारण तिला खालची बाजूच नसते, आणि वर अधांतरी लटकलेली खोली दिसते, भिंतींची नुसती टरफले, तळ नसलेली पिंपे, मुळे नसलेली झाडे. माझे कपाटही दिसले. भिंतीच्या बाजूने ते उघडे होते, आणि त्या उघड्या पाठीतून आत पाहता येत होते. फळ्यांची आतली बाजू, दाराची आतली बाजू, आणि सगळ्यात खाली, बंद दाराच्या आड, त्या चार रेघा.

मी पडत राहिले आणि कपाट लहान होत गेले. मग गेम बंद केला, जमिनीतल्या भोकाची नोंद बगच्या यादीत टाकली, आणि डिझायनरला विचारले की ते दार उघडायचे ठरले आहे का. तो म्हणाला, सोमवारी सांगतो.